ताई ची

ताई ची (संपूर्ण नाव ताई ची छुआन, प्रमाण चिनी उच्चारानुसार ‘ताय्-जी-छुआन’) ही चीनमध्ये विकसित झालेली एक युद्धकला व व्यायामपद्धती आहे. संथ, अखंड व वर्तुळाकार हालचाली, सरळ पाठकणा, किंचित वाकलेले गुडघे आणि शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर जाणीवपूर्वक नेणे ही तिची ठळक वैशिष्ट्ये होत. चिनी परंपरेत तिची गणना ‘आंतरिक’ युद्धकलांमध्ये होते. स्नायूंच्या बळापेक्षा शिथिलता, तोल आणि प्रतिस्पर्ध्याच्या बळाची दिशा बदलण्याचे कौशल्य यांवर या कलांचा भर असतो. आज जगभर ताई ची शिकणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक ती लढण्यासाठी नव्हे, तर आरोग्यासाठी शिकतात. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने तिचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत केला.

ताई ची हजारो वर्षांची प्राचीन कला असल्याचे अनेकदा सांगितले जाते. तिच्यामागील तत्त्वज्ञानाच्या कल्पना खरोखरच प्राचीन आहेत. परंतु कला म्हणून तिचा खात्रीलायक इतिहास सतराव्या शतकाच्या मागे जात नाही. उद्यानांत दिसणारे तिचे सर्वपरिचित संथ रूप तर प्रामुख्याने विसाव्या शतकात घडले.

नाव

‘ताई ची’ म्हणजे ‘परम टोक’ किंवा ‘परमतत्त्व’. ज्या मूळ अवस्थेतून यिन आणि यांग ही परस्परपूरक तत्त्वे प्रकटतात, तिला चिनी तत्त्वज्ञानात ही संज्ञा आहे. काळ्या-पांढऱ्या अर्धभागांचे सुप्रसिद्ध वर्तुळ हे याच कल्पनेचे चित्र होय. ‘छुआन’ म्हणजे मूठ, आणि त्यावरून मुष्टियुद्ध. या नावातील ‘ची’ आणि प्राणशक्ती या अर्थाचा चिनी शब्द ‘छी’ हे दोन वेगळे शब्द आहेत. त्यांची चिन्हेही वेगळी आहेत आणि उच्चारही. रोमन लिपीत दोन्ही एकसारखे लिहिले गेल्याने ‘ताई ची म्हणजे प्राणशक्तीची कला’ असा चुकीचा अर्थ इंग्रजीतून सर्वत्र पसरला आणि मराठी लेखनातही तो आढळतो. मराठीत हे नाव जोडून लिहिल्यास ‘ताईची’ असा भलताच अर्थ निघतो. म्हणून ते दोन शब्दांत लिहिणे इष्ट.

‘ताई ची छुआन’ हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ होऊ लागले. त्याआधी या कलेचा उल्लेख ‘तेरा आकृती’ यांसारख्या नावांनी होत असे. आठ प्रकारची बळे आणि पाच प्रकारची पावले मिळून हे तेरा होतात.

उगम

ताई चीच्या उगमाविषयी दोन परंपरा आहेत. पहिलीनुसार झांग सानफेंग हा ताओवादी योगी तिचा जनक होय. हूपै प्रांतातील वूडांग पर्वतावर राहत असताना त्याने पक्षी आणि साप यांची झुंज पाहिली. सापाने शरीर वळवून प्रत्येक चोच चुकवली, आणि मृदूपणाने कठोरावर मात करता येते हे त्यातून त्याला उमगले, अशी कथा आहे. झांग सानफेंगचा काळ वेगवेगळ्या ग्रंथांत बारावे शतक ते पंधरावे शतक असा दूरदूर सांगितला जातो. तो झालाच असल्यास त्याचा युद्धकलेशी काही संबंध होता असे दाखवणारा समकालीन पुरावा उपलब्ध नाही.

त्याचे नाव युद्धकलेशी जोडणारा सर्वांत जुना महत्त्वाचा लेख १६६९ चा आहे. विचारवंत हुआंग झोंगशी याने एका योद्ध्याच्या समाधीसाठी तो लिहिला. शाओलिन मठाची कला ‘बाह्य’ आणि झांग सानफेंगची ‘आंतरिक’ असा भेद त्यात केला आहे. मात्र त्यात ताई चीचा उल्लेख नाही. हुआंग हा मिंग राजवंशाशी एकनिष्ठ होता आणि चीनवर तेव्हा मांचू लोकांचे राज्य आले होते. त्यामुळे काही इतिहासकार या भेदामागे राजकीय रूपक पाहतात: शाओलिन हा भारतातून आलेल्या बौद्ध धर्माचा, म्हणजे परक्यांचा प्रतिनिधी, तर वूडांगचा ताओवादी हा अस्सल देशी. भारतीय वाचकाने हे ध्यानात घेण्याजोगे आहे, कारण बोधिधर्माने भारतातून नेलेल्या विद्येतून ताई ची निघाली असे आपल्याकडे कधीकधी सांगितले जाते. वस्तुतः ताई चीची ही मूळकथा ज्या भेदावर उभी आहे, त्यात भारताशी नाते जोडलेली परंपरा विरुद्ध बाजूला उभी आहे. शिवाय बोधिधर्म आणि शाओलिनची युद्धकला यांचा संबंधही उत्तरकालीन असून बहुतेक अभ्यासक तो आख्यायिकाच मानतात.

दुसरी परंपरा अधिक भक्कम पायावर उभी आहे. पिवळ्या नदीच्या उत्तरेस, हनान प्रांताच्या वेन परगण्यात चेनजियागोउ (‘चेन कुटुंबाची घळ’) हे खेडे आहे. चौदाव्या शतकात शांशी प्रांतातून आलेल्या चेन बु याच्या वंशजांनी ते वसवले. या घराण्याच्या नवव्या पिढीतील चेन वांगटिंग हा मिंग काळातील सैनिकी अधिकारी होता. राजवंश कोसळल्यावर तो गावी परतला, आणि तेथे त्याने घराण्याची मुष्टियुद्धपद्धती रचली असे मानले जाते. हे मत मांडणारा तांग हाव हा व्यवसायाने वकील होता. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्याने या गावी जाऊन वंशावळी व हस्तलिखिते तपासली. चेन कुटुंबाच्या पद्धतीतील अनेक आकृतींची नावे मिंग सेनापती छी जिग्वांग याच्या सोळाव्या शतकातील युद्धशास्त्रीय ग्रंथात दिलेल्या मुष्टियुद्धाच्या ३२ आकृतींशी जुळतात, हे त्याने दाखवून दिले. म्हणजेच ताई चीचा कच्चा माल डोंगरावरील ध्यानातून नव्हे, तर त्या काळच्या सैनिकी आणि ग्रामीण मुष्टियुद्धातून आला असावा.

तांग हावच्या निष्कर्षालाही आव्हान दिले गेले आहे. वंशावळीत चेन वांगटिंगला मुष्टियुद्धाचा प्रवर्तक म्हणणारी नोंद केव्हा लिहिली गेली, यावर मतभेद आहेत. वूडांगचे अनुयायी तर हा सिद्धान्त मुळातच मान्य करीत नाहीत. या वादाला अभ्यासाइतकीच प्रतिष्ठेची आणि पर्यटनाचीही बाजू आहे. तरीही आजच्या सर्व प्रमुख शैलींची गुरुपरंपरा मागे नेली असता चेनजियागोउ व त्याच्या लगतच्या झाओबाओ या गावापर्यंत पोहोचते.

गावाबाहेर प्रसार

जवळजवळ दोन शतके ही विद्या घराण्यातच राहिली. ती बाहेर नेण्याचे श्रेय यांग लूछान (१७९९–१८७२) याला जाते. तो आजच्या हपै प्रांतातील योंगनियान येथील एका गरीब कुटुंबातला होता. चौदाव्या पिढीतील चेन चांगशिंग (१७७१–१८५३) याच्याकडे तो अनेक वर्षे शिकला. त्याने नोकर बनून भिंतीच्या फटीतून चोरून विद्या शिकली, ही गोष्ट लोकप्रिय असली तरी आख्यायिकाच म्हणावी लागेल. पुढे तो बीजिंगला गेला आणि छिंग राजवंशाच्या उमरावांना व राजरक्षकांना शिकवू लागला. ‘अजिंक्य यांग’ ही त्याची ख्याती तेथलीच.

यांगच्या गावचाच वू यूशियांग (१८१२–१८८०) हा सुखवस्तू विद्वान होता. तो प्रथम यांगकडे आणि नंतर झाओबाओच्या चेन छिंगपिंगकडे शिकला. ताई चीच्या ‘अभिजात ग्रंथां’ची परंपरा त्याच्यापासून सुरू होते. त्याच्या भावाला मिठाच्या एका दुकानात वांग झोंगयुए नावाच्या लेखकाची जुनी पोथी सापडली, असे सांगितले जाते. या वांगविषयी खात्रीची माहिती जवळजवळ नाही, आणि ती रचना वू बंधूंचीच असावी असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. ते काहीही असो, ग्रामीण मुष्टियुद्धाला यिन-यांगच्या तत्त्वज्ञानाची भाषा मिळाली ती या सुशिक्षित मंडळींच्या हातून. ताई चीला ‘तत्त्वज्ञानाची कला’ म्हणतात, त्याचे मूळ येथे आहे.

पुढील दोन पिढ्यांत पाच प्रमुख शैली स्थिरावल्या: चेन, यांग, वू यूशियांगची वू (हिला हाव वेइझेन या गुरूवरून ‘हाव’ही म्हणतात), वू जियानछुआनची वू आणि सुन. यांतील दोन्ही ‘वू’ चिनी भाषेत वेगळ्या चिन्हांनी आणि वेगळ्या सुरांत उच्चारले जातात. देवनागरीत मात्र ते एकसारखेच दिसतात. वू जियानछुआन (१८७०–१९४२) हा मांचू वंशाचा होता, आणि त्याचे वडील वू छुआनयोउ हे यांग घराण्याचे शिष्य होते. सुन लूटांग (१८६०–१९३३) हा शिंगयी आणि बाग्वा या दोन आंतरिक कलांत आधीच निष्णात होता. त्याने त्यांचे पदलालित्य ताई चीत आणले.

युद्धकलेकडून व्यायामाकडे

१९११ च्या क्रांतीने छिंग राजवट संपली. परकीय सत्तांकडून वारंवार झालेल्या पराभवांमुळे ‘राष्ट्राचे शरीर दुबळे झाले आहे’ ही भावना चिनी सुशिक्षितांत खोल रुजली होती आणि देशी व्यायाम हा त्यावरचा एक उपाय मानला जात होता. १९१२ मध्ये बीजिंगमध्ये स्थापन झालेल्या शारीरिक शिक्षण संशोधन संस्थेत यांग व वू घराण्यांतील गुरू उघड वर्ग घेऊ लागले. ज्या विद्येसाठी शिष्याला पूर्वी गुरुगृही वर्षे काढावी लागत, ती आता शुल्क भरून शिकता येऊ लागली. १९२८ मध्ये नानजिंग येथे केंद्रीय राष्ट्रीय युद्धकला संस्था स्थापन झाली.

लूछानचा नातू यांग छंगफू (१८८३–१९३६) याने या बदलाला रूप दिले. चेन घराण्याच्या जुन्या मालिकांत संथ हालचालींबरोबर उड्या, पाय आपटणे आणि अकस्मात बळ सोडणे हेही असते. यांग छंगफूच्या मालिकेत उड्या व आकस्मिक आघात गळाले, गती सर्वत्र समान झाली आणि आकृती मोठ्या व मोकळ्या झाल्या. वृद्ध आणि आजारी माणसांनाही करता येईल असा हा व्यायाम होता. १९२८ पासून त्याने शांघाय व दक्षिणेकडील शहरांत तो शिकवला. आज सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर ‘ताई ची’ म्हणून जे येते, ते बहुतांशी हेच.

१९४९ नंतर साम्यवादी शासनाने तिचे आणखी सुलभीकरण केले. यांग शैलीची जुनी मालिका मोजण्याच्या पद्धतीनुसार शंभराच्या आसपास आकृतींची असून तिला वीस मिनिटांहून अधिक वेळ लागतो. राज्य क्रीडा आयोगाने १९५६ मध्ये तिच्यातून २४ आकृतींची, पाच-सहा मिनिटांत संपणारी मालिका तयार केली. पुनरावृत्ती वगळल्या आणि सोपे आधी, अवघड नंतर असा क्रम लावला. जगात सर्वाधिक शिकवली जाणारी मालिका बहुधा हीच असावी. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–१९७६) मात्र पारंपरिक गुरूंवर ‘जुन्या विचारांचे’ म्हणून गंडांतर आले. विद्या लोप पावत आहे हे पाहून १९५८ मध्ये चेनजियागोउला परतलेला चेन झाओपी (१८९३–१९७२) याचाही छळ झाला. तरी त्याने तरुणांची एक पिढी तयार केली. चेन शियाओवांग व चेन झेंगलेई हे पुढे जगप्रसिद्ध झालेले गुरू तिच्यातलेच. १९७८ मध्ये डंग शियाओफिंग यांनी जपानी पाहुण्यांसाठी ताई चीची प्रशंसा करणारा मजकूर स्वहस्ते लिहून दिला आणि तिला पुन्हा राजमान्यता मिळाली. चेन व यांग शैलींचा समावेश २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या पहिल्या यादीत झाला.

सरावाचे स्वरूप

सरावाचा गाभा म्हणजे ठरावीक क्रमाने करावयाची हालचालींची मालिका. आकृतींची नावे चित्रमय असतात: ‘जंगली घोड्याची आयाळ विभागणे’, ‘पांढरा करकोचा पंख पसरतो’, ‘ढगांसारखे हात’, ‘एकेरी चाबूक’. यांपैकी प्रत्येकीत एखादा बचाव किंवा आघात दडलेला असतो. उदाहरणार्थ, ‘आयाळ विभागणे’ यात एका हाताने प्रतिस्पर्ध्याचे मनगट खाली ओढून दुसऱ्या बाहूने त्याला मागे उलथवणे अभिप्रेत आहे.

तांत्रिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे भाराचे संक्रमण. पाऊल टाकताना आधी ‘रिकामा’ पाय जमिनीवर अलगद टेकवायचा, तो स्थिर झाल्यावरच त्यावर हळूहळू भार द्यायचा, आणि मगच दुसरा पाय उचलायचा. सामान्य चालण्यात शरीर प्रत्येक पावलागणिक किंचित पुढे पडते आणि पाऊल ते सावरते. ताई चीत असे पडणे नसते; कोणत्याही क्षणी हालचाल थांबवली तरी तोल राहिला पाहिजे. हात कंबरेच्या वळण्याने हलतात, खांद्याच्या जोराने नव्हे. श्वास नैसर्गिक व खोल ठेवतात.

दोघांनी मिळून करावयाच्या सरावास ‘तुइशोउ’ (हातांनी ढकलणे) म्हणतात. मनगटे व बाहू एकमेकांना टेकवून जोडीदाराच्या बळाचा स्पर्शातून अंदाज घेणे आणि स्वतः न ढळता त्याचा तोल घालवणे हा त्याचा उद्देश. याखेरीज सरळ तलवार, बाकदार तलवार आणि भाला यांच्याही मालिका आहेत.

आरोग्यविषयक परिणाम

ताई चीच्या नावावर अगणित लाभ सांगितले जातात. त्यांपैकी सर्वाधिक अभ्यासला गेलेला लाभ म्हणजे वृद्धांचे पडणे कमी होणे. ही बाब किरकोळ नाही. उतारवयात पडल्याने मोडलेले खुब्याचे हाड अनेकांना कायमचे परावलंबी करते, आणि पडण्याच्या भीतीने हालचाल कमी केल्यास स्नायू आणखी दुबळे होतात.

या विषयावरील आरंभीची महत्त्वाची चाचणी अमेरिकेतील अटलांटा येथील एमरी विद्यापीठात झाली व १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ७० वर्षे व त्यावरील २०० व्यक्तींचे तीन गट होते. एकाला १५ आठवडे ताई ची, दुसऱ्याला संगणकीय यंत्रावर तोल सांभाळण्याचे प्रशिक्षण, आणि तिसऱ्याला केवळ आरोग्यशिक्षण देण्यात आले. ताई ची गटात वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी कमी आढळला आणि पडण्याची भीतीही घटली. विशेष म्हणजे यंत्रावरील गट तोलाच्या मापनात सरस ठरूनही त्यांचे पडणे कमी झाले नाही. ताई चीचा लाभ केवळ शरीर न डोलण्यात नसून डोलणे ओळखून सावरण्यात असावा, असे यावरून म्हणता येते. ऑरेगन राज्यातील २००५ च्या चाचणीत ७० ते ९२ वयाच्या २५६ व्यक्ती होत्या. सहा महिन्यांत ताई ची गटात ३८, तर केवळ ताण-व्यायाम करणाऱ्या गटात ७३ वेळा पडण्याच्या घटना घडल्या.

सर्वच निष्कर्ष इतके अनुकूल नाहीत. न्यूझीलंडमध्ये ६८४ वृद्धांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ताई ची आणि हलका व्यायाम या दोन्ही गटांत पडणे सारखेच घटले. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१९ च्या अहवालानुसार ताई चीमुळे पडण्याचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांनी कमी होऊ शकते. मात्र या पुराव्याची निश्चितता कमी असल्याचेही त्यात नमूद आहे.

कंपवात (पार्किन्सन्स) झालेल्या १९५ रुग्णांवरील २०१२ च्या चाचणीत ताई चीने तोलात झालेली सुधारणा वजनांच्या व्यायामापेक्षा व ताण-व्यायामापेक्षा अधिक होती. तिने मूळ रोग बरा होत नाही. गुडघ्याच्या अस्थिसंधिवातात तिचा परिणाम प्रमाणित फिजिओथेरपीइतकाच असल्याचे २०४ रुग्णांवरील २०१६ च्या चाचणीत दिसले. फायब्रोमायल्जिया या सर्वांगदुखीच्या विकारातही वेदना व झोप यांत सुधारणा आढळली आहे.

या संशोधनाची एक अंगभूत मर्यादा आहे. औषधाच्या चाचणीत रुग्णाला खरी गोळी मिळाली की खोटी हे लपवता येते. ताई ची शिकणाऱ्यापासून तो काय शिकत आहे हे लपवता येत नाही. शिक्षकाचे लक्ष, समूहाची सोबत आणि अपेक्षा यांचा वाटा वेगळा काढणे त्यामुळे अवघड जाते. अवयवांतील ‘छी’चे अडथळे दूर होतात, कर्करोग बरा होतो, अशा दाव्यांना आधार नाही. श्रमाच्या दृष्टीने ताई ची साधारण चालण्याच्या जवळपास येते. ती बहुतेकांना निर्धोक असली तरी खूप खाली बसलेल्या स्थितीत गुडघा आत वळल्यास दुखापत होऊ शकते. म्हणून गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेतच राहावा, असा दंडक आहे.

चीनबाहेर प्रसार

ताई ची प्रथम चिनी स्थलांतरितांबरोबर हाँगकाँग, आग्नेय आशिया आणि तैवान येथे गेली. अमेरिकेत नृत्यांगना सोफिया डेल्झा यांनी १९५४ मध्ये न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तिचे प्रात्यक्षिक दिले. १९६१ मध्ये आलेले त्यांचे पुस्तक या विषयावरील इंग्रजीतील आरंभीचे पुस्तक होय. यांग छंगफूचे शिष्य झेंग मानछिंग (१९०२–१९७५) हे कवी, चित्रकार व वैद्यही होते. १९४९ मध्ये ते तैवानला आणि १९६४ मध्ये न्यू यॉर्कला गेले. यांग मालिकेचे त्यांनी केलेले ३७ आकृतींचे संक्षिप्त रूप पाश्चात्त्य देशांत फार पसरले. त्या काळच्या बंडखोर तरुणाईला ताओवादाचे आकर्षण होते आणि झेंग यांनी चिनी नसलेल्यांनाही मुक्तपणे शिकवले. कॅनडात मोय लिन-शिन यांनी १९७० मध्ये स्थापन केलेली ताओवादी ताई ची संस्था अनेक देशांत पसरली. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर पॉल लॅम यांनी १९९७ मध्ये संधिवाताच्या रुग्णांसाठी मुख्यतः सुन शैलीवर आधारित कार्यक्रम तयार केला. दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ‘जागतिक ताई ची दिन’ पाळतात.

स्पर्धात्मक खेळ म्हणून ताई ची ‘वूशू’चा भाग आहे आणि १९९० च्या बीजिंग आशियाई खेळांपासून ती तेथे खेळली जाते. भारतातही वूशू स्पर्धांमध्ये तिचा समावेश असतो. स्पर्धेत पंच आकृतींची शुद्धता आणि अवघड उड्या यांवर गुण देतात. यांग छंगफूने गाळलेल्या उड्या अशा रीतीने मैदानात परत आल्या.

युद्धकला म्हणून मूल्यमापन

ताई ची लढाईत उपयोगी पडते का, हा प्रश्न जुना आहे. १९५४ मध्ये वू जियानछुआनचा पुत्र वू गोंगयी आणि पांढरा करकोचा शैलीचा तरुण गुरू चेन केफू यांची मकाऊमध्ये धर्मादाय निधीसाठी जाहीर लढत झाली. ती लवकरच थांबवण्यात आली आणि कोणालाही विजयी घोषित केले गेले नाही. तिच्याभोवती निर्माण झालेल्या कुतूहलाचा लाभ घेण्यासाठी हाँगकाँगच्या एका सायंदैनिकाने लियांग यूशेंग याच्याकडून युद्धवीरांची कादंबरी क्रमशः लिहून घेतली. या वाङ्मयप्रकाराच्या नव्या पर्वाची ती सुरुवात मानली जाते. अनिर्णित लढतीचे फलित साहित्यात मिळाल्याचे हे उदाहरण विरळा म्हणावे लागेल.

एप्रिल २०१७ मध्ये छंगडू येथे मिश्र युद्धकलेचा खेळाडू शू शियाओडोंग याने वेई लेई या ताई ची गुरूला अर्ध्या मिनिटाच्या आत नमवले. या लढतीची चित्रफीत चीनभर पाहिली गेली. पारंपरिक कलांचा अपमान झाला म्हणून अनेकजण संतापले, तर स्वयंघोषित गुरूंचे पितळ उघडे पडले म्हणून अनेकांनी समाधानही व्यक्त केले. एका लढतीवरून संपूर्ण कलेचा निकाल लावता येत नाही. परंतु शिष्यांनी प्रतिकार न करता दूर फेकले जाण्याची जी प्रात्यक्षिके दाखवली जातात, त्यांच्याकडे त्यानंतर अधिक संशयाने पाहिले जाऊ लागले. चेनजियागोउमधील शाळांतून मात्र आजही मालिकांबरोबर तुइशोउचा कसून सराव करून घेतला जातो, आणि तेथील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ताई ची प्रथम युद्धकला आहे, व्यायाम नंतर.